डिझाइन विभाग उभे राहतात, पण डिझाइन रुजते कुठे?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मोठ्या संस्था आपापले डिझाइन विभाग उभारत असल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, विद्यापीठे, सरकारी खाती अशा सगळ्यांनाच आता डिझायनर हवे आहेत. ज्या कामाला काही वर्षांपूर्वीपर्यंत रंगरंगोटी समजले जाई, त्याला संचालक मंडळाच्या बैठकीत जागा मिळू लागली आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मी स्वतः वीसहून अधिक वर्षे मोठ्या संस्थांच्या आत राहून हेच काम करतो आहे. त्याच अनुभवामुळे एक काळजीही वाटते, आणि ती आपल्या वाचकांपुढे मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. किती डिझायनर नेमले, याची बातमी होते. त्यांच्या सांगण्यावरून कोणता निर्णय बदलला, याची होत नाही. माझ्या मते संस्थेची डिझाइनची क्षमता तिच्या डिझाइन विभागात मोजताच येत नाही. निविदेच्या अटी, अंदाजपत्रकाची शीर्षे, मंजुरीचा क्रम, बढतीचे निकष या जागी ती शिरली तर टिकते. तिथे शिरली नाही, तर विभाग बंद होताच तीही संपते.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेत, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, दाव्यांची नोंद करणारी नवी संगणक प्रणाली आली होती. कर्मचारी फार चुका करतात अशी वरिष्ठांची तक्रार होती आणि त्यावर उपाय म्हणून तीनदा प्रशिक्षण देऊन झाले होते. मी एक दिवस खिडकीमागे, एका अनुभवी लिपिक बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्यांच्या पडद्याच्या कडेला कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. एकीवर लिहिले होते, 'आधी जन्मतारीख, मग नाव. उलट केल्यास सगळे पुसले जाते.' दुसरीवर, 'हिरवे बटण दाबू नये.' तिसरीवर नकाराच्या कारणांचे सांकेतिक क्रमांक होते, पाच रंगांच्या शाईत, कारण पडद्यावर ते क्रमांक कुठेही समजावलेले नव्हते. शेजारच्या नव्या मुलाच्या पडद्यावर याच चिठ्ठ्यांच्या छायाप्रती होत्या. मी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, नवीन माणूस आला की आधी या चिठ्ठ्या देतो, पासवर्ड नंतर मिळतो."

हिरव्या बटणाने दावा जतन न होता थेट अंतिम मंजुरीला जात असे. ते बटण आमच्याच डिझाइन विभागाने ठरवलेल्या रंगात होते, आणि दिसायला ते चांगलेच होते. पण रकान्यांचा क्रम आणि बटणाचे काम या दोन्ही गोष्टी कंत्राटाच्या परिशिष्टात दीड वर्ष आधी ठरून गेल्या होत्या. आमच्या विभागाकडे कागद आला तेव्हा रंग, अक्षरे आणि चिन्हे एवढेच ठरवायचे उरले होते. मी त्याच विभागात होतो, म्हणून हा दोष दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. त्या दिवशी माझ्या लक्षात आले की संस्थेत डिझाइन करणारी माणसे होती. ती खिडकीमागे बसून चिठ्ठ्या लिहीत होती. त्यांना जे कळले होते ते वरच्या मजल्यावर पोहोचेल अशी कोणतीही वाट संस्थेत नव्हती.

डिझाइन म्हणजे काय याविषयी वाद पुष्कळ होतात. या पत्रापुरता मी साधा अर्थ घेतो: एखादी गोष्ट कुणीतरी वापरणार आहे हे ध्यानात ठेवून ती कशी चालेल हे आधी ठरवणे, ज्यांना ती वापरायची आहे त्यांच्याकडून ती कच्च्या रूपात वापरून घेणे, आणि जे दिसेल त्याप्रमाणे बदलणे. या अर्थाने प्रत्येक मोठी संस्था रोज डिझाइन करत असते. अर्जाचा नमुना ठरवणारा अधिकारी, नकाराचे पत्र लिहिणारा विधी सल्लागार, रांगेचा क्रम लावणारा पर्यवेक्षक, सगळेच ते करतात. फक्त त्या कामाला ते नाव नसल्यामुळे त्याची चाचणी घ्यावी हे कुणाला सुचत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सन 2000 मधील अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतले आहे. फ्लोरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात वृद्ध मतदार पुष्कळ होते. त्यांना उमेदवारांची नावे नीट वाचता यावीत म्हणून तिथल्या निवडणूक अधिकारी बाईंनी अक्षरे मोठी केली. अक्षरे मोठी केल्यावर नावे एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि मत देण्यासाठी छिद्रे पाडायची जागा मधोमध आली. डावीकडचे दुसरे नाव आणि त्याच्यासाठीचे तिसरे छिद्र यांचा मेळ अनेकांना लागला नाही. त्या परगण्यात अध्यक्षपदासाठी दोन किंवा अधिक छिद्रे पडल्यामुळे 19,000 हून अधिक मतपत्रिका बाद झाल्या, आणि संपूर्ण राज्यातला अंतिम फरक होता 537 मतांचा. मतपत्रिकेचा नमुना दोन्ही मोठ्या पक्षांना आधीच दाखवला होता आणि कुणाला त्यात काही वावगे दिसले नव्हते. हेतू चांगला होता, अधिकारी कर्तव्यदक्ष होत्या, नमुना सगळ्यांनी पाहिला होता. राहिले होते ते एवढेच, की चार-सहा वृद्ध मतदारांच्या हातात तो देऊन त्यांना मत द्यायला सांगणे. पाहून हरकत न घेणे आणि वापरून अडखळणे यांतला हा फरक ज्या संस्थेला कळला तिची डिझाइनची क्षमता वाढू लागली असे मी मानतो, मग तिच्याकडे एकही डिझायनर नसला तरी चालेल.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. 28 मार्च 1979 रोजी पहाटे अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि ती पुन्हा मिटली नाही. नियंत्रण कक्षातल्या फलकावरचा दिवा मात्र ती मिटल्याचे सुचवत होता, कारण तो दिवा झडप मिटली की नाही हे दाखवतच नव्हता. झडपेला मिटण्याचा आदेश गेला एवढेच तो दाखवत होता. सुरुवातीच्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम वाजू लागले, त्यांत महत्त्वाचा कोणता हे कळायला मार्ग नव्हता. गळणारे पाणी ज्या टाकीत जमत होते तिचे मापक मुख्य फलकाच्या मागच्या बाजूला होते. झडप उघडी आहे हे ध्यानात यायला दोन तासांहून अधिक वेळ गेला आणि तोवर अणुभट्टीच्या गाभ्याचे मोठे नुकसान झाले होते. चालकांच्या चुका झाल्या हे खरेच, पण राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने नियंत्रण कक्षाची रचना आणि प्रशिक्षण यांच्यावरही बोट ठेवले. या घटनेनंतर जे झाले ते मला या चर्चेसाठी अधिक मोलाचे वाटते. अणुऊर्जेच्या नियामक मंडळाने सर्वच केंद्रांना आपापल्या नियंत्रण कक्षांचा, तिथे काम करणाऱ्या माणसांच्या दृष्टीने, सविस्तर आढावा घ्यायला लावले. म्हणजे एखाद्या केंद्राच्या प्रमुखाला डिझाइनची आवड आहे की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

आवडीवर चालणारे डिझाइन किती टिकते, याचा इतिहासही आहे. 1907 साली जर्मनीतील एईजी या विजेच्या कंपनीने पीटर बेरेन्स यांना कलासल्लागार म्हणून घेतले, आणि त्यांनी कंपनीच्या बोधचिन्हापासून किटल्या, दिवे आणि कारखान्याच्या इमारतीपर्यंत सगळ्याला एक रूप दिले. 1956 साली आयबीएम या संगणक कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन (धाकटे) यांनी एलियट नॉइस यांना डिझाइनचे सल्लागार संचालक नेमले. नॉइस यांनी पॉल रँड आणि चार्ल्स ईम्स यांच्यासारखे नामवंत डिझायनर कामाला जोडले. त्या काळातले काम आजही शिकवले जाते, आणि ते शिकण्यासारखे आहेच. पण या व्यवस्थेत डिझाइनरचा अधिकार सर्वोच्च माणसाच्या विश्वासातून येत होता. असा विश्वास वारशाने मिळत नाही. पुढच्या दशकांत आयबीएममधील डिझाइनचे ते वजन ओसरले, आणि 2012 च्या सुमारास त्याच कंपनीला फिल गिल्बर्ट यांच्या नेतृत्वाखाली ते नव्याने उभे करावे लागले.

या दुसऱ्या प्रयत्नाची बातमी जगभर झाली ती आकड्यांमुळे: दहा कोटी डॉलरची गुंतवणूक आणि काही वर्षांत 1,000 हून अधिक डिझायनर. मला त्यातल्या दोन कमी गाजलेल्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे केवळ डिझाइनरांना शिकवून ते थांबले नाहीत. अमेरिकेतील ऑस्टिन शहरातल्या केंद्रात उत्पादनगटांतले अभियंते आणि व्यवस्थापक यांनाही डिझाइनरांसोबत बसवून तीच पद्धत शिकवली गेली. दुसरी म्हणजे ज्या ग्राहक-संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवायचे त्यांच्यातले प्रत्यक्ष वापरकर्ते गटाला जोडून घेतले गेले, आणि काम ठरावीक टप्प्यांवर सगळ्यांसमोर मांडण्याचा रिवाज पाडला गेला. माणसे नेमण्याइतकाच खर्च ती माणसे ज्यांच्यासोबत काम करणार आहेत त्यांना तयार करण्यावर व्हावा लागतो, हे मी माझ्या नोकरीतही पाहिले आहे. वीस अभियंत्यांच्या गटात एकटा डिझायनर टाकला, गटाला तो कशासाठी आला आहे हे सांगितले नाही, तर सहा महिन्यांत तो चिन्हे काढून देणारा माणूस होतो. पुढच्या सहा महिन्यांत तो नोकरी सोडतो.

इथे मला डेन्मार्कच्या डिझाइन केंद्राने 2001 साली मांडलेल्या शिडीचा उल्लेख करावासा वाटतो. तिला चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर संस्था डिझाइनचा विचारच करत नाही, दुसरीवर ते केवळ बाह्यरूपासाठी वापरले जाते, तिसरीवर ते काम करण्याची पद्धत बनते आणि चौथीवर धोरण ठरवताना लक्षात घेतले जाते. कल्पना उपयुक्त आहे, पण तिचा वापर करणारे बहुतेक लोक संपूर्ण संस्थेला एकाच पायरीवर उभे करतात. मोठी संस्था कधीच एका पायरीवर नसते. तिचे मोबाइल ॲप तिसऱ्या पायरीवर असते, टपालाने जाणारी पत्रे दुसरीवर आणि तक्रार निवारणाची खिडकी पहिलीवर. आणि ज्या माणसाचे काम अडले आहे तो एकाच आठवड्यात या तिन्ही ठिकाणी जाऊन येतो.

आता मुख्य अडचणीकडे येतो. चांगले डिझाइन कुणाला नको असते असे मला आजवर कुठेही आढळले नाही. अडचण हिशेबाची आहे. प्रकल्पप्रमुखाचे मूल्यमापन दोन गोष्टींवर होते: काम मुदतीत झाले का आणि मंजूर रकमेत झाले का. समजा, चाचणीत दिसले की अर्ज भरणाऱ्या बऱ्याच जणांना तिसऱ्या पानाचा अर्थच लागत नाही. ही माहिती प्रकल्पप्रमुखाच्या दृष्टीने विलंब आणि वाढीव खर्च एवढीच असते. तिसरे पान तसेच ठेवले तर त्याच्या प्रकल्पाचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते दूरध्वनी घेणाऱ्या कक्षाचे, अपूर्ण अर्ज परत पाठवणाऱ्या लिपिकांचे आणि अपिले ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांचे, आणि त्यांचा खर्च वेगळ्या विभागाच्या, वेगळ्या शीर्षाखाली पडतो. वाईट डिझाइनची किंमत एका विभागाने वाचवायची आणि दुसऱ्याने भरायची, असा हा व्यवहार आहे. त्या प्रकल्पप्रमुखाला दोष देऊन काही साधत नाही, कारण संस्थेने त्याच्यासमोर जी मोजपट्टी ठेवली आहे तिच्यानुसार तो योग्यच वागतो आहे.

हे मी एका पत्राच्या निमित्ताने जवळून पाहिले. अर्ज अपूर्ण असल्यास आमच्या संस्थेतून एक छापील पत्र जाई. त्यात सुरुवातीला दोन परिच्छेद नियमांचे असत, मग सोळा कागदपत्रांची यादी येई, आणि नेमके कोणते कागदपत्र राहिले आहे ते दुसऱ्या पानावर एका सांकेतिक क्रमांकाने दिलेले असे. पत्र मिळाले की माणूस दूरध्वनी करी आणि विचारी, "माझे काय राहिले आहे?" आम्ही पत्र नव्याने लिहिले. पहिल्याच ओळीत राहिलेल्या कागदपत्राचे नाव, खाली ते कुठे आणि कधीपर्यंत द्यायचे, आणि नियम सगळ्यांत शेवटी. लिहायला आणि अर्जदारांकडून वाचून घ्यायला चार दुपारी लागल्या. मंजूर व्हायला सात महिने लागले. विधी विभागाला नियम खाली गेल्याची चिंता होती, संगणक विभागाकडे कागदपत्राचे नाव पत्रात आणण्याची सोय नव्हती, आणि छपाईच्या कंत्राटात नमुना बदलण्याची तरतूदच नव्हती. अखेर वाट निघाली ती दूरध्वनी कक्षाच्या प्रमुख बाईंमुळे. त्यांनी त्या एका पत्रामुळे महिन्याला किती दूरध्वनी येतात याची नोंद दोन महिने ठेवली आणि तो कागद वित्त विभागाच्या बैठकीत ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा एका विभागाची बचत आणि दुसऱ्याचा भुर्दंड एकाच कागदावर दिसले. डिझाइनरांनी सहा महिने सांगून जे पटले नव्हते, ते त्या बैठकीत त्या कागदाने दहा मिनिटांत पटले. तेव्हापासून कुठल्याही संस्थेत गेलो की मी आधी दूरध्वनी कक्षात जाऊन बसतो.

म्हणूनच डिझाइनची क्षमता मोजण्यासाठी किती कार्यशाळा झाल्या आणि किती जणांना प्रमाणपत्रे मिळाली, ही गणना मला निरुपयोगी वाटते. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावण्याच्या दोन दिवसांच्या कार्यशाळांना मी पूर्णपणे विरोध करणार नाही. त्यांतून वेगवेगळ्या विभागांतली माणसे एकमेकांना भेटतात आणि काही शब्द समान होतात, एवढा लाभ आहे. पण तिसऱ्या दिवशी माणूस आपल्या टेबलाशी परततो, तिथे मुदती त्याच, साहेब तेच, नमुना बदलण्याचा अधिकार शून्य. शिकवले आणि करू दिले नाही, तर उत्साही माणसे आधी निराश होतात, असा माझा अनुभव आहे. तेवढाच वेळ आणि पैसा निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांवर, लेखापरीक्षकांवर आणि विधी सल्लागारांवर खर्च करावा. त्यांना व्याख्यान देऊ नये. एका सकाळी त्यांच्या स्वतःच्या अर्जाशी झगडणारा माणूस त्यांना शेजारी बसून पाहू द्यावा.

या पाहण्याला पर्याय नाही. ब्रिटनच्या सरकारने 2011 साली स्थापन केलेल्या डिजिटल सेवा विभागात असा आग्रह होता की गटातल्या प्रत्येकाने, मग तो प्रोग्रामर असो वा व्यवस्थापक, दर सहा आठवड्यांत किमान दोन तास तरी प्रत्यक्ष वापरकर्त्यांना सेवा वापरताना पाहावे. दोन तास ही मागणी कुणालाही जड नाही, आणि तरीही बहुतेक मोठ्या संस्थांतल्या निर्णय घेणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षे हे दोन तास पाहिलेले नसतात. अहवाल वाचलेले असतात. अहवालात 'वापरकर्त्यांना तिसऱ्या पानावर अडचण येते' असे एक वाक्य असते. शेजारी बसले की एक प्रौढ, समजूतदार माणूस आपल्यालाच काही कळत नाही असे समजून ओशाळतो आणि तुमचीच क्षमा मागतो, हे दिसते. ते एकदा पाहिलेला अधिकारी पुढच्या बैठकीत वेगळे प्रश्न विचारतो.

त्याच ब्रिटिश विभागाचे दुसरे काम मला अधिक दूरगामी वाटते. त्यांचे संकेतस्थळ ऑक्टोबर 2012 मध्ये सुरू झाले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्याला वर्षातील सर्वोत्तम डिझाइनचा मान दिला, हे अनेकांना ठाऊक असते. पण खरी पकड बसली ती सेवा-मानकांमुळे. 2014 पासून नव्या सरकारी सेवांना 26 कलमांच्या मानकावर तपासून घेणे भाग पडले. पुढे ती कलमे 18 आणि 2019 मध्ये 14 झाली. गटात कोणकोणत्या कौशल्याची माणसे आहेत, वापरकर्त्यांचा अभ्यास झाला आहे का, चाचणीनंतर काय बदलले, हे तपासणाऱ्यांपुढे सांगावे लागे. सुरुवातीच्या मानकातले शेवटचे कलम तर असे होते की संबंधित मंत्र्याने स्वतः ती सेवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरून पाहावी. ज्याच्या नावाने सेवा चालते त्याने ती एकदा स्वतः वापरावी, यासाठी एक कलम लागले, आणि ते घालण्याचे धैर्य कुणीतरी दाखवले. हे सारे चालले, कारण सरकारच्या संगणकीय खर्चाच्या मंजुरीशी केंद्रीय नियंत्रण जोडलेले होते. पैशाच्या वाटेवर उभे राहिल्याशिवाय मानकाला कुणी विचारत नाही.

खरेदी-विभागाला आपल्या निविदेत उद्धृत करता येईल असा दस्तऐवज लागतो, आणि तो उपलब्ध आहे. संगणकीय प्रणालींच्या माणूसकेंद्री डिझाइनविषयीचे आयएसओ 9241-210 हे आंतरराष्ट्रीय मानक 2010 पासून अस्तित्वात आहे आणि 2019 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आहे. निविदेत 'प्रणाली वापरण्यास सोपी असावी' असे लिहिले तर त्याचा अर्थ काहीच होत नाही, कारण ते सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. त्याऐवजी अमुक इतके प्रत्यक्ष कर्मचारी, मदतीशिवाय, नेहमीची अमुक कामे पूर्ण करू शकले पाहिजेत, चाचणी खरेदीदाराच्या देखरेखीखाली व्हावी, आणि देयकाचा एक हप्ता त्यावर अवलंबून असावा, असे लिहिता येते. मी ज्या खिडकीमागे बसलो होतो तिथल्या कंत्राटात हे एक कलम असते, तर त्या बाईंना चिठ्ठ्या लिहाव्या लागल्या नसत्या.

डिझाइनरांना एकत्र बसवावे की विभागाविभागांत वाटून द्यावे, यावर संस्थांत फार काळ वाया जातो. माझे मत थोडक्यात सांगतो. कामाच्या गटात बसावे, कारण निर्णय तिथे होतात. पण बढती आणि कामाचा दर्जा ठरवणारा वरिष्ठ स्वतः डिझाइन जाणणारा असावा, आणि आठवड्यातून एकदा सर्वांनी एकमेकांचे अपुरे काम पाहावे. दुसरे असे की डिझाइनरला वर जाण्यासाठी व्यवस्थापक होण्याची सक्ती नसावी. उत्तम काम करणारी माणसे नाइलाजाने हजेरी आणि रजेचे अर्ज सांभाळू लागतात आणि ज्या कौशल्यासाठी त्यांना घेतले होते तेच संस्थेच्या हातून निसटते.

वेगळे, स्वतंत्र डिझाइन केंद्र काढण्याच्या मोहाविषयीही लिहिले पाहिजे. डेन्मार्कच्या सरकारात 2002 साली सुरू झालेले माइंडलॅब हे केंद्र जगभरातल्या अशा केंद्रांसाठी आदर्श ठरले होते. तिथे झालेले काम प्रामाणिक आणि कल्पक होते, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. 2018 मध्ये ते बंद झाले. सोळा वर्षांनी बंद झालेल्या केंद्राला अयशस्वी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तिथे तयार झालेली माणसे आणि पद्धती पुष्कळ ठिकाणी पसरल्या. परंतु जे काम मुख्य यंत्रणेच्या बाजूला उभे असते ते एका आदेशाने बाजूला करता येते, ही गोष्ट नवे केंद्र काढणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी. अशा केंद्राच्या प्रमुखाला मी पहिल्या वर्षी एकच विचारेन, की तुमच्यामुळे इतर विभागांच्या किती नियमांत, नमुन्यांत आणि कंत्राटांत कायमचा बदल झाला.

हे सर्व वेळखाऊ आहे याची मला कल्पना आहे. एका मोठ्या संस्थेत अंदाजपत्रकाचे चक्र वर्षाचे, कंत्राटाचे तीन ते पाच वर्षांचे आणि नेतृत्वाचेही साधारण तेवढेच असते. त्यामुळे पहिल्या कंत्राटात कलम घालायची संधी हुकली, तर दुसरी येईपर्यंत ज्यांनी ते सुचवले होते ती माणसे बहुधा तिथे नसतात. म्हणून सुचवणारी माणसे असेपर्यंतच, कंत्राट संपण्याच्या एक वर्ष आधी, खिडकीमागच्या अडचणींची नोंद खरेदी विभागाच्या फायलीत लेखी गेली पाहिजे. त्यासाठी कुठल्याही नव्या पदाची गरज नाही. त्या लिपिक बाई आणि दूरध्वनी कक्षाच्या प्रमुख यांना वर्षातून दोनदा खरेदी विभागाच्या बैठकीला बोलावले तरी सुरुवात होते.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. यापुढे एखादी संस्था नवा डिझाइन विभाग जाहीर करील तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी तिच्या प्रमुखांना किती जागा भरणार हे विचारावेच, पण त्यासोबत आणखी काही विचारावे. निविदा निघण्यापूर्वी हा विभाग पाहणार आहे की नंतर? चाचणीत लोक अडखळले तर काम थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि थांबवल्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली पडणार आहे? प्रमुखांनी स्वतः आपल्या संस्थेचा अर्ज शेवटचा कधी भरला होता? आणि मुलाखत संपवून परत येण्यापूर्वी, परवानगी मिळाली तर, खिडकीमागच्या पडद्यांच्या कडेला काय चिकटवले आहे तेही एकदा वाचून यावे.

आपला विश्वासू,
एक वाचक